रंगीत पेन्सिलींचे थर आणि मिश्रण: पहिल्या डबीपासून पहिल्या डाळिंबापर्यंत

शाळेत रंगीत पेन्सिल हातात आली की दोनच सूचना मिळायच्या: रेषेबाहेर जाऊ नका आणि मधे पांढरं राहू देऊ नका. त्यातून बहुतेकांच्या हाताला पेन्सिल दाबून घासायची सवय लागते. नकाशातला अरबी समुद्र निळा करायला ती पुरते. पण फळाची गोलाई, पानावरचा उजेड, कापडाची चुणी दाखवायची म्हटली की हीच सवय आड येते. मोठेपणी चित्रकलेकडे पुन्हा वळणारे कितीतरी जण हौसेने चांगली डबी आणतात, पहिलं चित्र मेणकट आणि पट्ट्यापट्ट्यांचं होतं, आणि डबी कपाटात जाऊन बसते. थर कसे द्यायचे हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांनंतर ज्यांनी पेन्सिल हातात घेतली नाही त्यांच्यासाठी, आणि मुलांशेजारी बसून स्वतःही शिकू पाहणाऱ्या आईबाबांसाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे. शेवटी एक डाळिंब रंगवून पूर्ण करायचं आहे.

पेन्सिल उचलण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. जलरंग आपण पॅलेटमध्ये मिसळतो आणि मग कागदावर लावतो. पेन्सिलींचे रंग कागदावरच मिसळावे लागतात, एकावर एक पातळ थर देत. खालचा रंग वरच्यातून डोकावतो आणि डोळ्याला तिसराच रंग दिसतो. हे जमायचं तर कागदाने एकामागून एक थर धरून ठेवले पाहिजेत. चित्रकलेचा कागद भिंगाखाली धरला तर त्यात बारीक उंचवटे आणि खळगे दिसतात. पेन्सिल फिरते तेव्हा उंचवटे रंग खरवडून घेतात आणि खळगे हळूहळू भरत जातात. याला कागदाचा दाणा म्हणू. पाट्याला टाके असतात तसाच हा दाणा: टाके शाबूत आहेत तोवर वाटण होतं, बुजले की वरवंटा नुसता घसरतो. पहिल्याच थरात जोर लावला की खळगे भरून जातात, उंचवटे चपटे होतात, आणि मग वरून कितीही उत्तम रंग फिरवा, कागद तो घेत नाही. पुढची प्रत्येक पायरी हा दाणा शेवटपर्यंत वाचवण्यासाठी आहे.

१. पेन्सिली निवडा

रंगीत पेन्सिलीच्या कांडीत रंगद्रव्य, थोडा भराव आणि या दोघांना बांधून ठेवणारं मेण किंवा तेल असतं. काय बांधलंय त्यावर पेन्सिलीचा स्वभाव ठरतो.

मेणाच्या पेन्सिली मऊ असतात. रंग पटकन भरतो, एकमेकांत छान मिसळतो, पण टोक लवकर बोथट होतं आणि तुटतंही. प्रिझ्माकलर प्रीमियर ही यातली नावाजलेली मालिका, तिच्यात १५० रंग मिळतात. तेलाचं प्रमाण जास्त असलेल्या पेन्सिली जरा कडक असतात, टोक धरून ठेवतात आणि जास्त थर सहन करतात. फेबर-कॅसलची पॉलिक्रोमॉस ही १९०८ पासून चालत आलेली मालिका या प्रकारातली, तिच्यात १२० रंग आहेत. नवशिक्याला मी तेलाकडे झुकणाऱ्या पेन्सिली सुचवेन, कारण त्या हाताच्या जास्तीच्या दाबाला थोडं सांभाळून घेतात.

शाळेच्या डबीत भराव जास्त आणि रंगद्रव्य कमी असतं. तिने हाताचा सराव उत्तम होतो. दोन-तीन थरांनंतर मात्र रंग पुढे चढत नाही, आणि तिथे आपलं काहीतरी चुकतंय असं वाटून माणूस खचतो. सरावाचे तक्ते शाळेच्या डबीने करा, पण डाळिंबासाठी निदान दहा-बारा चांगल्या पेन्सिली घ्या.

१२० रंगांची डबी पहिल्या दिवशी नको. २४ रंगांची डबी आणि तीन-चार सुट्या पेन्सिली पुष्कळ झाल्या. कमी रंग असले की मिसळणं भाग पडतं, आणि शिकायचं तेच आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात किंवा मुंबईत दादरला कलासाहित्याच्या दुकानांतून सुट्या पेन्सिली मिळतात का, ते विचारून बघा. सुटी पेन्सिल दुकानातच कागदाच्या कपट्यावर फिरवून घेता येते, हा मोठा फायदा.

इथे तीन ठिकाणी फसायला होतं:

- जलरंगी पेन्सिली चुकून घेतल्या जातात. त्यांच्या डबीवर किंवा पेन्सिलीवर बहुधा ब्रशचं किंवा थेंबाचं चिन्ह असतं. त्या वाईट नाहीत, पण त्यांचं तंत्र वेगळं. पाण्याने विरघळाव्यात अशाच त्या घडवलेल्या असतात.
- एकच कंपनी शाळेसाठीही पेन्सिली काढते आणि चित्रकारांसाठीही. डबीवर कंपनीच्या नावाखाली मालिकेचं नाव असतं, ते वाचा.
- पेन्सिल फरशीवर पडली की बाहेरून धड दिसते, पण आतली कांडी तुकड्या-तुकड्यांनी मोडते. मग टोक काढताना ती पुन्हा पुन्हा तुटून येते. डबी नेहमी आडवी ठेवा, आणि दुकानात वरून पडलेली डबी कुणी देत असेल तर घेऊ नका.

२. कागद निवडा

पेन्सिलीपेक्षा कागदावर खर्च करा, असं मी कुणालाही सांगेन. साध्या पेन्सिली चांगल्या कागदावर बऱ्यापैकी काम देतात. उत्तम पेन्सिली झेरॉक्सच्या कागदावर काहीही देत नाहीत, कारण त्या ७०-७५ जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) गुळगुळीत कागदाला दाणाच नसतो.

१६० ते २२० जीएसएमचा, किंचित खरबरीत कार्ट्रिज कागद सुरुवातीला योग्य. द्रावक, म्हणजे रंग विरघळवणारा द्रव, वापरणार असाल (पायरी ६ पाहा) तर ३०० जीएसएमचा हॉट प्रेस जलरंगी कागद घ्या. तो गुळगुळीत दिसतो, पण त्याला बारीक दाणा असतो आणि तो ओलावा सहन करतो. जलरंगाचा खूप खरबरीत कागद मात्र टाळा. त्याचे खळगे इतके खोल असतात की कितीही थर दिले तरी पांढरे ठिपके राहतात, आणि ते बुजवायला आपण नकळत जोर लावतो. चकचकीत कार्डशीटवर पेन्सिल घसरते.

कागदाच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. बोटाची पाठ हलकेच फिरवून बघा, एक बाजू जरा जास्त खरबरीत लागते. कोपऱ्यात एकच रंग हलक्या हाताने पाच वेळा फिरवा. पाचव्या वेळीही रंग गडद होत असेल तर कागद कामाचा. पाकिटावर ‘अॅसिड-फ्री’ लिहिलेलं असेल तर तो लवकर पिवळा पडत नाही.

३. साहित्य जमवा

- पेन्सिली: मोतिया किंवा क्रीम, लिंबू पिवळा, गडद पिवळा, केशरी, शेंदरी, लाल, किरमिजी, जांभळा, नीळ, गर्द हिरवा, विटकरी, गडद तपकिरी, पांढरा
- हलक्या रेखाटनासाठी एचबी पेन्सिल
- पुट्टी रबर, म्हणजे कणकेसारखं मळता येणारं खोडरबर
- चांगल्या पात्याचा शार्पनर (पातं बोथट झालं की कांडी तुटायला लागते, तेव्हा शार्पनर बदला)
- हाताखाली ठेवायला बटर पेपर
- चुरा झाडायला मऊ, रुंद ब्रश
- शाई संपलेलं बॉलपेन
- मास्किंग टेप
- त्याच कागदाचा एक जास्तीचा तुकडा, रंग तपासायला

बटर पेपर ऐच्छिक समजू नका. आपल्याकडच्या घामाच्या दिवसांत तळहात कागदाला टेकला की तिथे तेलकट डाग पडतो, आणि त्या डागावर रंग वेगळा बसतो. तो डाग रंग चढेपर्यंत दिसतही नाही. चुरासुद्धा हाताने पुसू नका, रंगाचा कण घासला जाऊन लांब रेघ उमटते. ब्रशने झाडा.

४. हात हलका करा

पेन्सिल लिहिताना धरतो त्यापेक्षा जरा मागे, मध्याजवळ धरा. नुसत्या पकडीनेच निम्मा जोर कमी होतो. आता एकाच रंगाने पाच चौकोन रंगवा. पहिल्यात पेन्सिल तिच्या स्वतःच्या वजनानेच कागदाला टेकू द्या, पाचव्यात शाळेसारखा पूर्ण जोर लावा, मधले तीन पायरीपायरीने. बहुतेकांचा पहिला चौकोन तिसरा असावा तितका गडद येतो. पहिला चौकोन इतका फिका व्हायला हवा की लांबून रंग आहे की नाही असा प्रश्न पडावा. चित्राचे पहिले तीन-चार थर त्याच दाबाने द्यायचे आहेत.

मग रेघांचे तीन प्रकार करून बघा. एक, जवळजवळ समांतर रेघा, आणि पुढच्या थरात त्यांना छेदणाऱ्या. दोन, वस्तूच्या गोलाईबरोबर वळणाऱ्या रेघा. तीन, मोहरीएवढी छोटी वर्तुळं, एकमेकांवर चढणारी. सपाट, एकजीव रंगासाठी वर्तुळं सगळ्यात भरवशाची. पुढे-मागे घासण्याची सवय सोडा. प्रत्येक वळणावर, जिथे हात थांबून उलट फिरतो, तिथे गडद कड तयार होते. चित्रात पट्टे दिसतात ते या कडांमुळे.

टोक कायम टोकदार ठेवा. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण टोकदार पेन्सिल खळग्यांच्या तळापर्यंत पोहोचते, बोथट पेन्सिल उंचवट्यांवरूनच निघून जाते. खळगे पांढरे राहिले की रंग विरळ वाटतो, आणि मग हात जोर लावतो. रंग विरळ वाटला तर आधी टोक काढा, दाब वाढवायचा विचार नंतर.

५. मिश्रणाचा तक्ता करा

ही पायरी लोक सर्रास गाळतात. गाळू नका. कागदाच्या तुकड्यावर आठ रंगांची चौकट आखा, आठ आडवे, आठ उभे. प्रत्येक आडव्या ओळीत एक रंग हलका फिरवा, मग प्रत्येक उभ्या स्तंभात दुसरा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि तो तक्ता पुढे कायम टेबलावर राहतो.

तक्ता बघताना तीन गोष्टी लक्षात येतील. पहिली, क्रमाने फरक पडतो. पिवळ्यावर निळा फिरवला तर हिरवा निळसर आणि थंड येतो, निळ्यावर पिवळा फिरवला तर हिरवा उबदार आणि जास्त एकजीव. दुसरी, विरुद्ध रंग एकमेकांना मारतात: लाल-हिरवा, निळा-केशरी, पिवळा-जांभळा. हे मारणं म्हणजे नुकसान नव्हे. सावलीचे जिवंत रंग त्यातूनच मिळतात. लालावर हलका गर्द हिरवा दिला की लाल खोल होतो, काळा दिला की तोच लाल मळतो. काळी पेन्सिल पहिल्या काही चित्रांत डबीतून काढूच नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: फिका रंग गडद रंगाला झाकत नाही. या पेन्सिली बऱ्याच पारदर्शक असतात. किरमिजीवर पिवळा कितीही फिरवला तरी पिवळा दिसणार नाही. म्हणून क्रम नेहमी फिक्याकडून गडदाकडे, आणि चित्रातला शुभ्र पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद. तो पहिल्या थरापासून राखावा लागतो.

६. मिसळण्याच्या पद्धती ओळखा

पहिली पद्धत म्हणजे नुसते थर. दोन रंगांच्या सीमेवर दोघांनाही एकमेकांच्या हद्दीत थोडं थोडं जाऊ द्यायचं, हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा. वेळ लागतो, पण दाणा शाबूत राहतो आणि केव्हाही सुधारणा करता येते. सुरुवातीची निदान चार-पाच चित्रं याच पद्धतीने करा.

दुसरी, घोटणं. सगळे थर झाल्यावर फिक्या पेन्सिलीने (पांढऱ्या, मोतिया किंवा त्याच रंगाच्या फिक्या छटेने) जोर लावून सगळं घोटायचं. रंग खळग्यांत दाबले जातात, पांढरे ठिपके जातात, चमक येते. रंग नसलेली ब्लेंडर पेन्सिलही मिळते, तीही हेच काम करते आणि छटा फिकी करत नाही. घोटल्यावर दाणा संपतो. त्यानंतर फार तर एखादा बारीक तपशील धरेल, म्हणून घोटणं सगळ्यात शेवटी आणि गरज असेल तिथेच.

तिसरी, द्रावक. वास नसलेलं मिनरल स्पिरिट किंवा चित्रकारांचं टर्पेंटाइन इअर बडवर किंवा छोट्या ब्रशवर अगदी थोडं घ्यायचं, टिश्यूवर टिपायचं, मग रंगावर फिरवायचं. मेण विरघळतं, रंग पसरून सपाट होतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत वाळल्यावर वर पुन्हा थर देता येतात. यासाठी दोन-तीन थर तरी आधी हवेत, नाहीतर विरघळायला काही नसतं. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस-उदबत्ती जवळ नको, लहान मुलांना हे करायला देऊ नका. हार्डवेअरच्या दुकानातला भिंतीच्या रंगाचा थिनर किंवा रॉकेल वापरू नका, डाग आणि वास दोन्ही कागदात राहतात. बेबी ऑइलची युक्ती पुष्कळ जण सांगतात. तेल उडून जात नाही, कागदात झिरपून पारदर्शक डाग सोडतं. चित्र टिकवायचं असेल तर ती नको.

बोटाने घासणं ही पद्धत नाही. पेस्टलला चालतं, इथे फक्त घाम लागतो.

७. डाळिंब रंगवा

डाळिंब निवडण्याचं कारण असं की त्यात पिवळ्यापासून किरमिजीपर्यंतचा प्रवास एकाच सालीवर दिसतो, आणि साल मुळातच ठिपक्या-ओरखड्यांची असल्यामुळे थोडी असमानता चित्राला शोभते. बाजारात हल्ली ‘भगवा’ जातीचं डाळिंब सर्वत्र दिसतं. त्याची साल तजेलदार लाल-केशरी असते. ज्याच्या एका गालावर अजून पिवळसरपणा आहे असं फळ हुडका.

ते पांढऱ्या कागदावर, खिडकीजवळ ठेवा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या. खोलीतला दिवा बंद करा, नाहीतर दोन सावल्या पडतात. फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. लाल रंगाच्या झगमगाटात लपलेले उजेड-सावलीचे भाग त्यात स्पष्ट दिसतात. सगळ्यात उजळ जागा कुठे, सगळ्यात गडद कुठे, हे ठरवून टाका.

*रेखाटन.* एचबीने हलकी बाह्यरेषा, मग पुट्टी रबराने टिपून ती जेमतेम दिसेल इतकी फिकी करा. ग्रॅफाइट राहिलं तर पिवळ्यात मिसळून त्याला मळकट हिरवट करतं. उजळ चमकेची जागा मनात धरा, तिला कड काढू नका. सालीवर एखादा फिका ओरखडा असेल तर शाई संपलेल्या बॉलपेनने आताच तिथे दाबून रेघ ओढा. पुढचे थर त्या खाचेवरून जातील आणि ओरखडा आपोआप फिका राहील.

*पहिला थर.* चमक सोडून सगळ्या फळावर मोतिया, आणि पिवळ्या गालावर लिंबू पिवळा. दाब पहिल्या चौकोनाचा.

*दुसरा थर.* आता सावलीच्या बाजूला गर्द हिरवा, अगदी हलका. लाल फळावर हिरवा देताना हात थबकतो, पण द्याच. लालाखाली तो दिसणार नाही, सावली मात्र खोल होईल. तळाची अगदी कड हिरव्यापासून मोकळी ठेवा. खालच्या पांढऱ्या कागदावरून परावर्तित झालेला उजेड तिथे पडतो, आणि त्या पट्टीमुळेच फळ गोल दिसतं. नवशिक्यांच्या चित्रात हमखास राहून जाते ती हीच पट्टी, कारण कडेकडे गडद करत जायचं असं आपण गृहीत धरतो.

*तिसरा आणि चौथा थर.* पिवळ्या गालाच्या सीमेपासून केशरी सुरू करा, पिवळ्यात थोडा शिरू द्या. मग शेंदरी, केशरीत शिरणारा. रेघा देठापासून मुकुटाकडे (देठाच्या विरुद्ध टोकाचा पाकळ्यांचा भाग), फळाच्या गोलाईबरोबर वळवा. या टप्प्यावर चित्र फिकं आणि कच्चं दिसतं, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटून हात जोर लावतो. पेन्सिल खाली ठेवा, चहा घेऊन या, चित्र हातभर अंतरावरून बघा.

*पाचवा ते सातवा थर.* लाल, चमकेच्या भोवती विरळ, मध्यात भरदार. मग किरमिजी, सावलीच्या अर्ध्या भागात. मग नीळ किंवा जांभळा, फक्त सगळ्यात गडद पट्ट्यात, आणि त्यावर पुन्हा लाल, म्हणजे निळसरपणा वेगळा उठून दिसणार नाही. दाब आता दुसऱ्या-तिसऱ्या चौकोनापर्यंत वाढवायला हरकत नाही. गडद भाग पुरेसा गडद करायला घाबरू नका. चित्र ‘फिकट’ वाटण्याचं कारण बहुतेक वेळा सावली अपुरी असणं हेच असतं.

*एकजीव करणं.* केशरी पेन्सिल पुन्हा घ्या आणि पिवळ्या गालाच्या सीमेपासून लालापर्यंत सगळ्यावरून एकदा हलकी फिरवा. रंगांच्या वेगवेगळ्या पट्ट्या यामुळे जोडल्या जातात. चमकेच्या कडेला मोतियाने घोटा, लालाची कड मऊ होऊन चमकेत विरेल. तळाच्या परावर्तित पट्टीत विटकरी आणि किंचित मोतिया.

*मुकुट आणि ठिपके.* मुकुटाच्या पाकळ्यांच्या आत सगळ्यात गडद जागा असते, तिथे गडद तपकिरी आणि नीळ. वाळलेली टोकं विटकरी-तपकिरी. सालीवरचे ठिपके ताज्या टोकाने, सारख्या अंतरावर न देता कुठे दाट, कुठे विरळ.

*पडछाया.* टेबलावरची सावली काळी किंवा नुसती राखाडी नको. नीळ आणि तपकिरी मिसळा, आणि फळाला लागून असलेल्या भागात थोडा लाल फिरवा. डाळिंबाचा रंग त्या सावलीत उतरलेला प्रत्यक्ष दिसतो, निरखून बघा. फळाजवळ सावलीची कड तीक्ष्ण, लांब जाईल तशी मऊ.

एका बैठकीत हे संपवायचा अट्टहास नको. मनगट दमलं की दाब आपसूक वाढतो. तीन-चार बैठकांत, दिवसाच्या उजेडात करा. ट्यूबलाइटखाली पिवळा नीट दिसत नाही.

८. चुकलं तर काढायचं कसं

साधं खोडरबर मेण पसरवतं आणि दाणा घासून टाकतं. पुट्टी रबर मळून टोकदार करा आणि रंगावर टेकवून उचला, घासू नका. जास्त रंग काढायचा असेल तर मास्किंग टेपचा तुकडा हलकेच ठेवा, काढायच्या जागेवर वरून बोथट पेन्सिलीने रेखाटा आणि टेप अलगद उचला. त्या रेघांपुरता रंग निघून येतो. दोन-तीनदा करावं लागेल. कागद पूर्ण पांढरा होणार नाही, पण पुन्हा थर देण्याइतकी जागा मिळते. टेप आधी कपड्याला एकदा चिकटवून घ्या, म्हणजे चिकटपणा कमी होऊन कागदाचा पापुद्रा निघणार नाही.

९. हवामान, मेणाचा धुरकटपणा आणि टिकाऊपणा

मुंबई-कोकणात पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा शोषतो. असा सर्दावलेला कागद मऊ पडतो, टोकदार पेन्सिल त्यात रुतते आणि दाणा लवकर बसतो. कागद झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, सपाट ठेवा. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उलट होतं. मेण मऊ होतं, रंग भराभर चढतो, त्यामुळे तिथे दुपारी काम करणाऱ्याने दाब आणखी कमी ठेवावा. उन्हातल्या गाडीत डबी विसरू नका.

मेणाच्या पेन्सिलींनी दाट रंगवलेल्या गडद भागावर काही दिवसांनी पांढुरकी झाक येते. ती बुरशी नसते, मेण पृष्ठभागावर आलेलं असतं. मऊ सुती कापडाने हलकेच पुसलं की जाते. मग फिक्सेटिव्हचे, म्हणजे रंग कागदावर पक्का करणाऱ्या स्प्रेचे, दोन-तीन विरळ फवारे, बाल्कनीत, कोरड्या दिवशी. दमट हवेत फवारलं तर पुन्हा पांढुरकं दिसू शकतं. आधी जास्तीच्या तुकड्यावर फवारून बघा, काही रंग त्याने गडद होतात.

गुलाबी आणि जांभळ्या छटा उजेडाने लवकर उडतात. चित्र कुणाला भेट द्यायचं असेल तर पेन्सिलीचा टिकाऊपणा आधी बघा. पॉलिक्रोमॉसवर तारे असतात, तीन तारे सगळ्यात टिकाऊ. काही कंपन्या एएसटीएम डी ६९०१ या मानकाप्रमाणे रंगांना दर्जा देतात, त्यात एलएफ १ आणि एलएफ २ चांगले. असं काही छापलेलं नसेल तर घरी तपासा: प्रत्येक रंगाची पट्टी काढा, निम्मी जाड पुठ्ठ्याने झाका आणि उन्हाच्या खिडकीत दोन-तीन महिने ठेवा. झाकलेली आणि उघडी बाजू शेजारी धरली की कोणत्या पेन्सिली फक्त सरावाला ठेवायच्या ते कळतं.

फ्रेम करताना चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) जाडी ठेवायला फ्रेमवाल्याला सांगा, नाहीतर मेण काचेला चिकटतं. तोवर चित्र बटर पेपरमध्ये, पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा. गुंडाळू नका, घोटलेल्या रंगाला तडे जातात.